सोयरीक, भागीदारी, जागा ठरवण्याआधी कोर्टाची नोंद बघायची की नाही?

खानापूरकर
माझं मत सरळ आहे: बघायचीच. आमच्या भावकीतल्या एकांनी बेळगावजवळ जागा घेतली. उतारा स्वच्छ, ईसीत, म्हणजे बोजाच्या दाखल्यात, काही नाही. पैसे दिल्यावर कळलं, विकणाऱ्याच्या बहिणीने वाटणीचा दावा घातलाय. ईसीत नोंदणी झालेले व्यवहार तेवढे दिसतात, कोर्टात काय चाललंय ते तिथे कळेलच असं नाही. आता हेही त्या दाव्यात ओढले गेलेत. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं असतं तर फुकटात दिसलं असतं. आणि जागेला जे लागू, ते सोयरिकीलाही. मुलगी द्यायची तर मुलावर गुन्हा आहे का हे बापाने का बघू नये? संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१६ मध्ये सांगितलंय. नोंद उघडी आहे ती लोकांसाठीच ना?

निपाणीची लेक
जागेचं पटलं दादा. सोयरिकीचं अजिबात नाही. एफआयआर म्हणजे कुणीतरी दिलेली फिर्याद, तो काही निकाल नव्हे. आपल्या सीमाभागात महाराष्ट्रात जायच्या मागणीसाठी मराठी माणसं १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्या फेरीत चालले म्हणूनही लोकांवर गुन्हे दाखल झालेत. अशा घरातल्या पोराचं स्थळ तुम्ही नुसतं नाव बघून नाकारणार? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्याचं नाव, पत्ता आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात ठळक लावायचं असतं. पोलिसांनी कुणाला गुपचूप डांबून ठेवू नये, घरच्यांना माणसाचा पत्ता लागावा, यासाठी ते चांगलंच आहे. पण तो सुटला, निर्दोष ठरला, तर त्याची पाटी कोण लावतं?

चिकोडीचा वकील
दोघांनाही सांगतो, आधी शोध कसा चालतो ते बघा. ई-कोर्ट्सवर नावाचा शोध एकेका कोर्ट संकुलापुरता होतो. खानापुरात काही दिसलं नाही म्हणजे बेळगाव, गोकाक, अथणीतही नाही असं नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठातलं वेगळं बघावं लागतं. आमच्याकडे तर माणूस राहतो इकडे, शेत असतं चंदगडला किंवा गडहिंग्लजला. तिकडचा दावा महाराष्ट्राच्या नोंदीत निघणार.

त्यात नावांचा घोळ. एका गावात एकाच नावाचे चार पाटील सापडतात, आणि इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलतं. बापाचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय नोंद त्याच माणसाची समजू नका. सर्वात खात्रीचा म्हणजे प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, सोळा अक्षर-आकड्यांचा, एका प्रकरणाला एकच. आणि ‘निकाली’ एवढं वाचून थांबू नका. शिक्षा झाली तरी निकाली, सुटला तरी निकाली, तडजोड झाली तरी निकालीच. आदेश उघडून वाचावा लागतो. तो तिथे नसेल तर कोर्टात नकलेचा अर्ज करा. तुम्ही पक्षकार नसलात तरी कारण दाखवून मागता येते. त्यासाठी माहिती अधिकारात जाऊ नका. कोर्टाच्या नियमांत नकलेची सोय असेल तर तोच मार्ग धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

शहापूर, बेळगाव
वकीलसाहेब, आदेश वाचा म्हणता, पण तालुका कोर्टातले कितीतरी आदेश कन्नडमध्ये असतात. माझ्या आईला बोललेलं कन्नड कळतं, वाचता येत नाही. मग ती वाचून घेणार कुणाकडून? स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाकडूनच. तो सांगेल तेच खरं! मला तर वाटतं, निर्दोष सुटलेल्याचं नाव शोधात येताच कामा नये. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका स्त्रीचं नाव इंटरनेटच्या शोधात येऊ नये म्हणून झाकायला लावलं होतं. तोच न्याय सगळ्यांना का नको?

खानापूरकर
सगळ्यांची नावं झाकली तर फसवणाऱ्यांचीही झाकली जातील. दहा जणांकडून विसार घेऊन एकच जागा विकणारा साक्षीदार फुटल्यामुळे सुटला, तर अकराव्याला ते कळायला नको? कन्नडचं म्हणाल तर खरं आहे, मीही अडखळतच वाचतो. त्यासाठी मराठीत भाषांतर मागूया, नोंद बंद करायला नको.

निपाणीची लेक
भाषांतर येईल तेव्हा येईल. तोवर माझं एवढंच म्हणणं आहे: नोंद सापडली तर ती घेऊन परस्पर गावभर फिरू नका. मुलाला समोर बसवा आणि विचारा. खरा असेल तर तो स्वतः केस नंबर देईल, मग वकिलाकडून आदेश वाचून घ्या.

खानापूरकर
विचारीन ताई. पण बघून झाल्यावर विचारीन, आधी नाही.