मदत हवी आहे: दुरुस्तीसाठी पीएस३ वर (सोनीचा प्लेस्टेशन ३) कस्टम फर्मवेअर टाकलं तर ते कायद्यात बसतं का? (नागपूर)

मानेवाडा_रिपेअर

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत गेमिंग कन्सोलची दुरुस्ती, असं सहा वर्षांपासून चालू आहे. एचडीएमआय पोर्ट बदलणं, थर्मल पेस्ट, आपोआप सरकणाऱ्या स्टिकचे कंट्रोलर, ब्ल्यू-रेची लेन्स ही नेहमीची कामं. मे महिन्यात तर पंखे साफ करण्यातच संध्याकाळ जाते.

आता एक काम आलंय आणि ते करू की नको, हे दोन आठवडे ठरत नाहीये.

धरमपेठेतले एक काका आहेत, निवृत्त शिक्षक. ते मुलीचा जुना पीएस३ घेऊन आले. मुलगी लग्नानंतर पुण्याला असते. नातू सुट्टीत आजोबांकडे येतो आणि त्याला आईचेच गेम खेळायचे आहेत. सोबत कापडी पिशवीत २७ ओरिजिनल डिस्क, त्यातल्या निम्म्यांची बिलंसुद्धा काकांनी जपून ठेवलेली. कन्सोल स्लिम, २००० सिरीजचा. डिस्क आत ओढतच नाही. उघडून पाहिलं तर लेन्स ठणठणीत, पण ड्राइव्हचा बोर्ड जळलेला.

खरी अडचण इथेच आहे. पीएस३ मध्ये ड्राइव्हचा बोर्ड आणि मदरबोर्ड यांची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. दुसऱ्या पीएस३ मधला चालू बोर्ड काढून लावला, तरी कन्सोल गेमची डिस्क घेत नाही. नव्या बोर्डाशी जोडी पुन्हा बांधावी लागते. आम्ही त्याला रीमॅरी म्हणतो, आणि त्यासाठी कस्टम फर्मवेअर, म्हणजे कन्सोल चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमची बिगर-अधिकृत आवृत्ती, टाकावंच लागतं. काकांच्या मॉडेलवर ते टाकता येतं. म्हणजे काम हातातलं आहे, पण त्यासाठी कंपनीने प्रोग्रॅमला लावलेलं कुलूप तोडावं लागणार.

हेच कुलूप तोडून बाकीचे लोक काय करतात ते मला रोज दिसतं. आठवड्यातून दोन-तीन तरी पोरं येतात, "दादा, जेलब्रेक करून हार्डडिस्कवर गेम भरून द्या ना, बर्डीत करून देऊन राहिले." मी नाही म्हणतो. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून बनवलेला गेम फुकट वाटून पैसे कमवायचे नाहीत, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलंय. पण साधन तेच, फाइल तीच. उद्या कुणी विचारलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, हे मला कागदावर दाखवता आलं पाहिजे. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "घरात पोलीस आला तर मला सांगू नको." त्यांची काळजी मला कळते.

तर नुसत्या दुरुस्तीसाठी कस्टम फर्मवेअर टाकणं आपल्याकडे गुन्हा आहे का? आणि काकांनी स्वतःच्या डिस्कच्या प्रती हार्डडिस्कवर करून द्या म्हटलं, तर? डिस्कवर ओरखडे पडताहेत आणि नातू आठ वर्षांचा आहे, त्यामुळे ते म्हणणारच.

ऑरेंजसिटी_गेमर

भाऊ, एवढं काहून टेन्शन घेऊन राहिले? अख्खं नागपूर करून राहिलं. कन्सोल काकांचा, मर्जी काकांची. टाका बिनधास्त.

मानेवाडा_रिपेअर

सगळे करतात म्हणून मला करायचं नाही भाऊ. मी यासाठी पैसे घेतो, कन्सोल माझ्या टेबलावर असतो. जबाबदारी माझी येते.

सिव्हिल_लाइन्स

मी नागपूर खंडपीठात वकिली करतो. इथे लिहितोय ते माहिती म्हणून घ्या, तुमच्या प्रकरणातला सल्ला कागदपत्रं पाहूनच देता येईल. पण प्रश्न चांगला मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या कामाचं कलम म्हणजे कॉपीराइट कायदा १९५७ मधलं ६५-ए. ते २०१२ च्या दुरुस्तीने आलं. कॉपीराइटच्या रक्षणासाठी लावलेला तांत्रिक उपाय, म्हणजे तुम्ही म्हणता ते कुलूप, जो कोणी त्या हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळा भार 'हेतू' या शब्दावर आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणं हेच मुळात निषिद्ध आहे आणि मग अपवाद दिलेत. आपल्या संसदेने तसं केलं नाही. काकांची ओरिजिनल डिस्क काकांच्याच कन्सोलमध्ये चालावी म्हणून बोर्डाची जोडी बांधणं, यात कुणाच्या हक्काचं उल्लंघन करायचा हेतू मला तरी दिसत नाही.

आता तो भाग, जो दुरुस्तीवाल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतो. ६५-ए च्या पोटकलम २ मध्ये म्हटलंय की कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी असं काम करायला आडकाठी नाही. मात्र लगेच खाली अट आहे. दुसऱ्या माणसाला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे: नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि मदत कशासाठी केली ते कारण. मानेवाडा भाऊ, ही अट तुम्हाला लागते. एक जाड नोंदवही घ्या. तुम्हाला कागदावर फरक दाखवायचा होता ना, तो हाच कागद.

हार्डडिस्कवर गेम भरून देणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. ते कलम ६३ मध्ये जातात. किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षं कैद, दंड ५० हजार ते दोन लाख. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिवाय कलम ६४ प्रमाणे फौजदाराच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करू शकतो. ६५-ए ची शिक्षा दोन वर्षांपर्यंतच असल्याने ते त्या वर्गात येत नाही. खरं भय बेकायदा गेमने भरलेल्या हार्डडिस्कचं आहे. तशी एकही हार्डडिस्क खोलीत ठेवू नका, ग्राहक विसरून गेला असेल तरी.

खेळणाऱ्या पोरांनाही सांगा की कलम ६३-बी वापरणाऱ्यासाठी आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर चालवली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. त्यातून नफा कमावला नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, एवढीच सवलत.

प्रतींचं म्हणाल तर ५२(१)(एए) मध्ये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हरवणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप करायची मुभा आहे, आणि (एडी) मध्ये स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी. तुम्ही पैसे घेता, म्हणून 'बिगरव्यापारी' हा शब्द तुम्हाला आधार देणार नाही. बॅकअप काकांनी घरी बसून स्वतः करावा. तुम्ही करून देऊ नका.

इतवारी_सोल्डर

वकीलसाहेबांनी छान समजावलं. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही, ती आम्हा कारागिरांची. पीएस३ चं कस्टम फर्मवेअर हे सोनीचंच फर्मवेअर असतं, आतून बदललेलं. इंटरनेटवरून तयार फाइल उतरवली म्हणजे सोनीच्या प्रोग्रॅमची बदललेली प्रत घेतली. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवरचं अॅटमॉस्फिअर हे कस्टम फर्मवेअर तसं नाही, ते लोकांनी स्वतंत्र लिहिलंय. मी पीएस३ साठी अधिकृत फाइल कंपनीच्या साइटवरून घेतो आणि बिल्डर टूलने त्याच कन्सोलसाठी बदल करतो. काम झालं की फाइल पुसून टाकतो. हे जास्त बरं ना साहेब?

आणि मानेवाडा भाऊ, आधी फ्लॅशचा डंप, म्हणजे कन्सोलच्या फ्लॅश मेमरीची पूर्ण प्रत, घ्याच. मध्येच लाइट गेली तर मदरबोर्ड मेला. इन्व्हर्टर नसेल तर पावसाळी संध्याकाळी हे काम हातात घेऊ नका.

सिव्हिल_लाइन्स

हो, ते नक्कीच बरं. ५२(१)(एए) मध्ये कायदेशीर प्रतधारकाला, प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरता यावा म्हणून, त्यात फेरफार करायची मुभा आहे. काकांच्या कन्सोलवर, काकांच्या वतीने आणि लेखी संमतीने केलेला बदल त्याच्या जवळ बसतो. तयार फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दहा गिऱ्हाइकांना टाकणं बसत नाही. परवान्याच्या करारात कंपनी फेरफाराला मनाई करते, तो करारभंगाचा मुद्दा वेगळा. त्यापायी कंपनी खातं बंद करू शकते, हे काकांना आधी सांगा.

डॅलस_व्हाया_सदर

मी सदरचा, सध्या अमेरिकेत. इकडे २०२१ पासून नेमक्या याच कामाला सूट मिळाली आहे: कन्सोलचा बिघडलेला डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यासाठी कुलूप तोडता येतं, पण काम झाल्यावर ते पूर्ववत करावं लागतं. दुसऱ्या टोकाला टीम झेक्यूटर या कन्सोल हॅक करणाऱ्या गटाचं प्रकरण. त्यांची साधनं पायरेटेड गेम चालवण्यासाठी विकली जात होती, आणि त्यातल्या गॅरी बाउझर यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. इकडचा कायदा तिकडे लागत नाही, पण पूर्ववत करायची पद्धत तुम्हीही घ्या भाऊ.

मानेवाडा_रिपेअर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिव्हिल लाइन्स दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग आत जाऊन ऑफिसमधलं जुनं, कोरं राहिलेलं रजिस्टर आणून दिलं. पहिल्या पानावर रकाने त्यांनीच आखले.

काकांना फोन करून सगळं सांगितलं. खातं बंद पडू शकतं म्हटलं तर म्हणाले, "नातवाला ऑनलाइन खेळायचंच नाही." नोंद अशी लिहिली आहे, काही चुकत असेल तर सांगा:

"ग्राहकाचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत सोबत. कन्सोल: पीएस३ स्लिम, सिरीयल क्रमांक लिहिला. बिघाड: ड्राइव्हचा बोर्ड जळलेला. कारण: नवीन बोर्डाची मदरबोर्डशी जोडी बांधणे, जेणेकरून ग्राहकाच्या मालकीच्या मूळ डिस्क चालाव्यात. त्यासाठी फर्मवेअर तात्पुरते बदलणार, काम झाल्यावर अधिकृत फर्मवेअर परत टाकणार. कोणताही गेम कॉपी करणार नाही, हार्डडिस्कवर टाकणार नाही."

सिव्हिल_लाइन्स

"ग्राहकाच्या विनंतीवरून" हे शब्द घाला, दोन्ही तारखा लिहा आणि काकांची सही कन्सोल घेताना घ्या, देताना नाही. बाकी बरोबर आहे.

मानेवाडा_रिपेअर

घातले. कन्सोल आधीच माझ्याकडे आहे, म्हणून उद्या संध्याकाळी धरमपेठेत जाऊन सही घेतो, आणि मगच पुन्हा स्क्रू उघडतो.