पार्श्वसंगीत थांबवा, मी रडतोय ना!

कोपऱ्यातली खुर्ची:
गेल्या काही दिवसांत पाच सिनेमे पाहिले, बरेचसे राहून गेलेलेच. पाचही वेगळ्या जातकुळीचे, पण तक्रार एकच उरली. प्रेक्षकाला कळलंय, यावर दिग्दर्शकाचा विश्वासच बसत नाही.

आधी आवडलेला. पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. मुंबईत नर्स असलेली प्रभा. नवरा लग्नानंतर जर्मनीला गेलेला आणि आता फोनही करत नाही. एक दिवस पार्सल येतं. आत जर्मनीत बनलेला लाल राइस कुकर. रात्री ती जमिनीवर बसते आणि त्या कुकरला कवेत घेते. बस्स. मी तो प्रसंग तिथल्या तिथे मागे नेऊन पुन्हा पाहिला.

'लापता लेडीज' गोड आहे, जरा जास्तच. रवी किशनचा लाचखाऊ पोलीस शेवटी पाघळणार हे आधीच ठाऊक होतं, आणि चहावाल्या मंजूमाईने तोंड उघडलं की सुविचार. 'ट्वेल्थ फेल'मध्ये रडलो, पण रडताना संगीताचाच राग आला. पिठाच्या गिरणीत राहून अभ्यास करणारा विक्रांत मॅसी पुरेसा होता हो. 'ओपनहायमर'मधली १६ जुलै १९४५ची अणुबॉम्ब चाचणी मात्र अफाट: स्फोट दिसतो, आवाज नाही, नुसता श्वास. पुढे चौकश्यांचं गुऱ्हाळ संपता संपत नाही, ते सोडा.

राहिला 'दशावतार', कोकणातल्या त्याच नावाच्या लोकनाट्यावर बेतलेला. दिलीप प्रभावळकर १९४४ सालचे. त्या वयात दशावतारी नट बाबुली मेस्त्री असा उभा करणं खायचं काम नाही. बापलेकाचा भाग जीव लावून पाहिला. उत्तरार्धात सूड सुरू झाला आणि स्पीकरही.

बाल्कनी:
कुकरला मिठी हा तुमचा उत्कर्षबिंदू, मग आमचं बोलणंच खुंटलं. मी तो सिनेमा दोन बैठकांत संपवला, दुसऱ्या बैठकीला स्वतःची समजूत काढून.

आणि 'लापता लेडीज'ला सुविचार म्हणताना फूलला विसरलात? पोरगी हरवली आहे आणि तिला सासरच्या गावाचं नाव सांगता येत नाही. कुठल्याशा फुलाचं नाव आहे एवढंच आठवतं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते. हसू येतं आणि मागोमाग पोटात गोळाही येतो. त्यासाठी कुणाला कुकर कवटाळावा लागत नाही. सगळ्यांना कळलं की तुम्हा लोकांना ते स्वस्त वाटतं, खरं दुखणं हे आहे.

सबटायटलवाली:
बाल्कनी, थांबा. २०२४मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळवलेला सिनेमा बाजूला ठेवून आपण ऑस्करला 'लापता लेडीज' पाठवला. निवड समितीला म्हणे कपाडियांचा सिनेमा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा, मुंबईहून उठून रत्नागिरीकडे जाणारा सिनेमा युरोपियन! 'लापता लेडीज' मला आवडतो, त्यावर राग नाही. कारणावर आहे.

पण कोपऱ्यातली खुर्ची, तुम्हीही सोयीचं तेवढंच सांगितलंत. दोन्ही सिनेमांत छाया कदम आहे. तिकडे मंजूमाई, इकडे घराचे कागद नाहीत म्हणून बेघर होऊ घातलेली पार्वती. ती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात, आणि फलकावर काय लिहिलंय? वर्ग हा विशेषाधिकार आहे, तो विशेषाधिकार असलेल्यांसाठीच राखीव. मंजूमाई बोलली तर सुविचार आणि फलक बोलला तर संयत? तिथे नाही टोचलं?

बाल्कनी:
ही घ्या टाळी.

कोपऱ्यातली खुर्ची:
फलक टोचायला हवा होता, कबूल. नाही टोचला, कारण दगड मारताना त्या दोघींना आलेली मजा बघत होतो. पण संगीताचा मुद्दा कुणी खोडला नाही.

दहीकाला:
मी खोडतो. मी लहानपणापासून जत्रेत दशावतार बघत आलोय. रंगमंचावर काय असतं? एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तेच इंद्राचं आसन. स्त्रीपार्टी पुरुषच करतो. संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरवून उभ्या उभ्या रचतात. आणि संकासुर राक्षस येतो तेव्हा हळूच येत नाही. या कलेचा जीवच मोठा आवाज आहे. त्यावरचा सिनेमा कुकरसारखा गप्प बसावा ही अपेक्षा म्हणजे ढोल वाजवणाऱ्याला 'जरा कुजबुजा' म्हणण्यासारखं.

कोपऱ्यातली खुर्ची:
तुमचं बाकडं माझ्याच बाजूने बोलतंय की! बाकड्याला सिंहासन म्हटलं की पुढ्यात बसलेली माणसं मान्य करतात. नट त्यांच्यावर विसंबतो. सिनेमा मात्र पडद्यावर सगळं दाखवतो, वर ऐकवतो, वर खलनायकाकडून वदवूनही घेतो. मला बाकडंच हवंय.

दहीकाला:
मालक, बाकडं आपोआप सिंहासन होत नाही. पेटी, पखवाज आणि झांज वाजत असतात म्हणून होतं. राजा बसायच्या आधी पखवाज चढत जातो, आणि तो ज्या क्षणी थांबतो त्या क्षणी बाकडं नाहीसं होतं. वाद्यं काढा, उरेल ते लाकूड. विश्वास-बिश्वास ठीक आहे, पण त्या विश्वासालाही ठेका लागतो. उत्तरार्ध लांबला, हे मला मान्य. आवाजाला दोष देऊ नका.

सबटायटलवाली:
'ओपनहायमर'चंही तेच आहे की. ती शांतता आठवतेय तुम्हाला, त्याआधी उलटी मोजणी चालू असताना संगीत कसं वर वर चढत नेलंय ते आठवत नाही. तो चढ नसता तर शांततेत तुम्ही पॉपकॉर्नची पिशवी चाचपली असती.

कोपऱ्यातली खुर्ची:
आत्ता लावून पाहिला तेवढा भाग. व्हायोलिनं आहेत खरी, आणि चांगली मोठ्याने आहेत. पहिल्यांदा पाहताना ती ऐकूच आली नव्हती मला.

'ट्वेल्थ फेल'वरचा राग मात्र तसाच आहे. तिथे संगीत थांबतच नाही.

बाल्कनी:
रडलात ना पण?

कोपऱ्यातली खुर्ची:
दोनदा.