रिमोट आणि तिरकं चित्र

ताई, शाळेतल्या प्रोजेक्टरचं चित्र वर रुंद, खाली अरुंद येतं आणि रिमोट मनात येईल तेव्हाच चालतो, असं तुम्ही लिहिलंय. तासगावच्या आमच्या वाचनालयात हे दोन्ही भोगून झालंय.

चित्र आधी. प्रोजेक्टर खालच्या बाकावर ठेवून तोंड वर केलं की असंच होणार. कीस्टोनचं, म्हणजे तिरकं चित्र सरळ करायचं बटण दाबून ते सरळ दिसतं खरं, पण मशीन चित्र आतल्या आत दाबून बसवतं आणि बारीक अक्षरं फुसकी होतात. मुलांना वाचायचंय ना? मग टेबल उंच करा, मशीन पडद्यासमोर सरळ ठेवा, कीस्टोन शून्यावर आणा. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला ३ मीटर अंतर लागतं.

रिमोट नवा असेल तर सेलखालची प्लॅस्टिकची पट्टी ओढली का बघा. मग मोबाइलचा सेल्फी कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबा. मोबाइलच्या स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीतून चारचं ऊन थेट प्रोजेक्टरच्या सेन्सरवर, म्हणजे रिमोटचा इशारा पकडणाऱ्या भागावर यायचं. पडदा ओढला, रिमोट चालू!

आणि दिव्याचं मशीन असेल तर बंद करताना बोर्डाचं बटण लगेच दाबू नका. पॉवरचं बटण दोनदा दाबा, पंखा दिवा गार करून थांबू द्या. दिवा महाग असतो, शाळेला परत परत परवडत नाही.