मदत हवी: मामा तलावांवरच्या प्रकल्पासाठी टिपणं कशी काढायची?

धानपट्टा: बी.ए. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे, विषय अर्जुनी मोरगाव तालुक्यातले माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव (पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले). साहित्य तीन जागचं: १९०८ चं भंडारा जिल्हा गॅझेटिअर (इंग्रजी, पीडीएफ), ग्रंथालयातली मराठी पुस्तकं (घरी नेऊ देत नाहीत) आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. एकाच वहीत उतरवून राहिलो, पण लिहायला बसलं की कोणतं वाक्य कुठलं ते समजत नाही. लॅपटॉप नाही, मोबाईल आहे, रेंज येते-जाते.

बोडीकाठ: वही ठेवा बाजूला. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. एका तुकड्यावर एकच मुद्दा, तोही एकाच बाजूनं. काहून, तर प्रकरणं लावताना तुकडे सतरंजीवर पसरून मागंपुढं करता येतात.

प्रत्येक स्रोताला खूण द्या: गॅ, पु१, पु२, मु१. लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती हा सगळा तपशील वहीच्या शेवटच्या पानावर एकदाच. तुकड्यावर वर डावीकडे विषय, उजवीकडे खूण आणि पान क्रमांक. पीडीएफमध्ये घोळ इथंच होतो. अ‍ॅप मुखपृष्ठ, प्रस्तावना सगळं मोजते, म्हणून त्याचा आकडा छापलेल्या आकड्याशी जुळत नाही. छापलेलाच लिहा.

मजकुराचे तीन प्रकार वेगळे ठेवा. शब्दशः असेल तर अवतरणचिन्हं, तीही उतरवायच्या आधी उघडायची. नंतर देऊ म्हटलं की राहून जातात. स्वतःच्या शब्दांत असेल तर ‘सा’ (सारांश). तुमचा विचार असेल तर ‘मी’. ‘सा’ लिहिताना परिच्छेद वाचा, पुस्तक उपडं ठेवा, लिहा, मग उघडून फक्त नावं-आकडे ताडून पाहा. समोर ठेवून शब्द बदलत गेलात तर वाक्याचा सांगाडा त्यांचाच राहतो. गॅझेटिअरचं मराठी केलं तरी संदर्भ द्यावाच लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, याचा अर्थ तेवढी नक्कल माफ असा काढू नका.

सातबारा: भाऊचं बरोबर आहे, पण या विषयात खरा धोका आकड्यांचा. १९०८ चा भंडारा जिल्हा म्हणजे आजचा भंडारा नाही. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा झाला. तुमचा तालुका आज गोंदियात, म्हणून जुन्या जिल्ह्याचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवला तर तुलनाच चुकते. आकड्याच्या तुकड्यावर चार गोष्टी हव्याच: आकडा, वर्ष, हद्द, एकक. एकर असेल तर एकरच उतरवा, हेक्टर (१ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर) खाली ‘मी’ लावून. तुकड्याचा नमुना (का१ म्हणजे कायद्याची खूण):

मालगुजारी निर्मूलन | का१
सा: कायदा १९५० चा, हक्क सरकारजमा ३१ मार्च १९५१ पासून. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात.
मी: तलावाची डागडुजी यानंतर कोणाकडे? मुलाखतीत विचारणे.

पाण्याच्या हक्कांसाठी गावाचं निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्जही (गावच्या रूढी-वहिवाटीची नोंद) पाहा. नक्कल मिळाली की गाव, तालुका, नोंदीचं वर्ष, नक्कल घेतल्याची तारीख लगेच टिपा.

धानपट्टा: पुस्तकाच्या फोटोतून मोबाईलनं अक्षरं काढली तर चालते का? अन् मुलाखतीचं कसं?

बोडीकाठ: शोधायला चालते, उद्धृत करायला नाही. घ चा ध, भ चा म, १ चा ९ होतो. पहिला फोटो शीर्षकपानाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, मग हवी ती पानं, क्रमांक चौकटीत येईल अशी. फोल्डरला स्रोताचीच खूण. तुकडे त्याच संध्याकाळी करा. नुसते फोटो साठले तर ते टिपण नव्हे. जुन्या मराठी पीडीएफमधून कॉपी केलं की कधी कधी निव्वळ चिन्हंच येतात. तो युनिकोडच्या आधीचा फाँट. हातानंच टाइप करा.

सातबारा: मुलाखतीत रेकॉर्डिंग सुरू करून परवानगी विचारा, म्हणजे होकारही नोंदला जाते. तुकड्यावर नाव, वय, गाव, तारीख आणि रेकॉर्डिंगचा मिनिट. मिनिट नसला तर तेच वाक्य पुन्हा शोधताना अर्धा दिवस जाते. आजोबा “मोठा दुष्काळ पडला तेव्हा” म्हणाले तर तसंच लिहा, इसवी सन तुम्ही घुसडू नका. अंदाज खाली ‘मी’ लावून. पार, सलंग, बोडी हे तलावांचे इकडचे शब्दही बोलले तसेच राहू द्या. दोन म्हाताऱ्यांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन तुकडे करा आणि एकमेकांवर खुणा टाका, मधला आकडा काढून मोकळे होऊ नका.