बीएमआय नॉर्मल येतो तरी आरशात जाडच दिसते, नक्की काय खरं मानायचं?

पाऊलवाट:
नमस्कार. वय २६, उंची १६० सेमी, वजन ५७ किलो. बीएमआय २२.३ येतो म्हणजे चार्टप्रमाणे नॉर्मल. पण मला ते पटतच नाही. पोट आणि दंड बघितले की कसंतरीच होतं, फोटो काढताना मागे जाऊन उभी राहते, फिटिंगचे कपडे घालणं सोडूनच दिलंय. घरचे म्हणतात बरी तर आहेस, एक मैत्रीण म्हणते पाच किलो उतरव मग बघ कशी दिसशील. सकाळी आणि रात्री वजन करते आणि रात्री किलोभर जास्त दिसलं की दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण टाळते. मी खरंच जाड आहे आणि चार्टच ढोबळ आहे, की चार्ट बरोबर आहे आणि माझंच काहीतरी बिनसलंय? वजन हेल्दी आहे की नाही हे ठरवतात कसं ते कोणीतरी नीट सांगा. "छानच दिसत असशील" असं नका लिहू प्लीज, ते ऐकून दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग परत तेच.

मोजपट्टी:
चार्ट ढोबळ आहे हे बरोबरच आहे. ते सूत्र (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) एकोणिसाव्या शतकात क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं तेव्हा त्याला समाजातला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं, कुणाची तब्येत तपासायची नव्हती. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं. त्यात चरबी किती, स्नायू किती हे कळत नाही. पण म्हणून तो टाकाऊ नाही. नेहमीचा नॉर्मल पट्टा १८.५ ते २४.९ आहे आणि आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध राहायला सांगतात, कारण आपल्यात कमी वजनालाच डायबेटिसचा धोका वाढायला लागतो. तू दोन्हीकडून आत आहेस.

त्याच्या जोडीला कंबर बघतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडलेला हवा, पोट आत ओढायचं नाही. दक्षिण आशियाई बायकांना ८० सेमीच्या आत, पुरुषांना ९०. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, तुझ्या उंचीला तेही ८०च येतं.

आणि ते रात्रीचं किलोभर वजन म्हणजे दिवसभराचं खाणंपिणं आणि अंगात धरलेलं पाणी. किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७,००० च्या वर कॅलरी जास्त जाव्या लागतात, त्या एका दिवसात जात नाहीत.

सांजवेळ:
तुझा २२.३ वाचून आठवलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचाही बीएमआय बरोब्बर २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!! म्हणजे आकडा तोच पण आत वेगळंच. (बायकांमध्ये चरबीचं प्रमाण मुळातच जास्त असतं, त्यामुळे यातला कुठलाही टक्का स्वतःला लावत बसू नकोस.) हे घाबरवायला सांगत नाहीये. तब्येतीची शंका असेल तर तिचं उत्तर रक्तात मिळतं, म्हणजे साखर, कोलेस्टेरॉल, आणि बीपी बघायचं. सोबत पाळी वेळेवर येते का, जिना चढून दम लागतो का, झोप कशी आहे हे पण धर. दंडाच्या जाडीवरून यातलं काहीच कळत नाही.

उंबरठा:
मोजपट्टी, माहिती चांगली दिलीत पण जी मुलगी आधीच दिवसातून दोनदा काट्यावर उभी राहते तिच्या हातात टेप देणं मला बरोबर वाटत नाही. उद्यापासून ती कंबरही दोनदा मोजेल. मी माझ्या बहिणीला यातून जाताना अगदी जवळून पाहिलंय, आकडा कितीही उतरला तरी तिला पुढचा आकडा हवाच असायचा.

पाऊलवाट, मला तुझ्या पोस्टमध्ये ५७ पेक्षा जास्त काळजी वाटली ती जेवण टाळण्याची आणि फोटोत मागे जाण्याची. अर्धपोटी राहिलं की डोकंसुद्धा अन्नाभोवतीच फिरतं. हेच अँसेल कीज, त्यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं, तर ती मुलं चिडचिडी झाली, लोकांत मिसळेनाशी झाली, सारखा अन्नाचाच विचार, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. स्वतःहून भाग घेतलेली, मनाने खंबीर म्हणून निवडलेली मुलं होती ती. तेव्हा तुझा मनोनिग्रह कमी पडतोय असं अजिबात समजू नकोस, शरीर असंच वागतं.

काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्टकडे जा, जमलं तर खाण्याच्या तक्रारींवर काम करणारे बघ. त्यासाठी वजन खूप कमी व्हायची वाट बघावी लागत नाही, नॉर्मल वजनातही ईटिंग डिसऑर्डर (खाण्याशी जोडलेला मानसिक आजार) असतो आणि तो दिसत नाही म्हणूनच उशिरा कळतो. चक्कर, पाळी चुकणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, लगेच.

पाऊलवाट:
उलटी वगैरे नाही करत. पाळी मात्र मागच्या वेळी बरीच उशिरा आली, मी टेन्शनमुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. अन्नाचाच विचार हे वाचून जरा हललेच, कारण जेवण टाळलेल्या दिवशी ऑफिसात माझं तेच चालू असतं. काउन्सेलरकडे जाऊन सांगायचं काय पण? ५७ किलो आहे आणि जाड वाटतं म्हणून आले, हे ऐकून हसतील असं वाटतं.

मोजपट्टी:
उंबरठा, मान्य. पाऊलवाट, टेपचं राहू दे आत्ता.

उंबरठा:
नाही गं, कोणी हसणार नाही, त्यांच्याकडे हे रोज येतं. वर पहिल्यांदा लिहिलंस ना, तेच जसंच्या तसं दाखव, बोलायला सुचलं नाही तर मोबाइल पुढे कर. पाळीचं डॉक्टरांना वेगळं सांग, जेवण टाळतेस हेही सांग, नाहीतर ते दुसरीच कारणं शोधत बसतील. आणि वजनकाटा घरातल्या कुणाकडे तरी ठेवायला दे, कोण ठेवेल?

पाऊलवाट:
दादा ठेवेल. त्याला कारण न सांगता देता येईल. अपॉइंटमेंटचं उद्या बघते.