‘मार्कर वाढलेत’ म्हणजे नक्की काय वाढलं?

अबोली: मामा आयसीयूत आहेत. रक्ताचा कर्करोग, दुसऱ्या केमोनंतर ताप. परवा रात्री डॉक्टर दारातच म्हणाले, “मार्कर वाढलेत, सेप्सिसकडे चाललंय.” मामींनी ऐकलं ते एवढंच, की कॅन्सर वाढला. रात्रभर रडल्या. सकाळी फाइल उघडली, तर वाढलेले होते सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन आणि लॅक्टेट. या ‘मार्कर’ला मराठीत काय म्हणावं? आणि सेप्सिसला?

संशयात्मा: मामींचं चुकलं नाही. कॅन्सरच्या वॉर्डात नुसतं ‘मार्कर’ म्हटलं की ‘ट्यूमर मार्कर’, म्हणजे कॅन्सर सुचवणारा रक्तातला आकडाच, डोक्यात येणार. ‘संसर्गसूचक’ म्हणा. ‘खूण’ नको, खूण पक्की असते. हे आकडे म्हणजे न्यायशास्त्रातला डोंगरावरचा धूर. धूर दिसला, म्हणून आग असावी असं अनुमान.

काचपट्टी: लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, इथे धूर बऱ्याच लाकडांचा असतो. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि कुठल्याही दाहात वाढतं. कॅन्सरच्या गाठीनेही वाढतं, केमोने तोंड-आतडी सोलवटली तरी वाढतं. प्रोकॅल्सिटोनिन (पीसीटी) हे कॅल्सिटोनिन या हार्मोनचं आधीचं रूप. एरवी थायरॉइडपुरतं, पण जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की शरीरभरच्या पेशी ते बनवू लागतात. ०.५ च्या खाली असलं तर जिवाणूंचा गंभीर संसर्ग असण्याची शक्यता कमी, २ च्या वर गेलं की संशय दाट. तरी बुरशीच्या संसर्गात ते फारसं वाढेलच असं नाही, आणि थायरॉइडच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये संसर्ग नसतानाही चढतं.

लॅक्टेट पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढतं; त्याला कुणी ‘दुग्धाम्ल’ सुचवू नका. मामी ताक बंद करतील.

संशयात्मा: म्हणजे व्यभिचारी हेतू, आग नसतानाही दिसणारा धूर! शास्त्रातलाच शब्द आहे, गैरसमज नको.

जुना दप्तरी: सेप्सिससाठी ‘पूतिता’. ‘पूति’ म्हणजे कुजकं, दुर्गंधी. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थही कुजणंच. आपला ‘पू’ याच घरातला. घरात आपण ‘जखम सेप्टिक झाली’ म्हणतो ते चिघळली, पू धरला या अर्थाने.

काचपट्टी: व्युत्पत्ती चोख, पण या पेशंटला तोच शब्द फसवेल. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे आकडे, पडलेले; त्यातल्या जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली. मग पू धरणार कुठून? जखम कोरडी, छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ, आणि माणूस मात्र तापाने फणफणतोय. शिवाय २०१६ च्या व्याख्येत कुजण्याचा संबंधच नाही. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जातो आणि अवयव निकामी व्हायला लागतात, तो सेप्सिस.

‘काउंट’ची गंमत बघा. बाहेरच्या वॉर्डात “काउंट वाढले” म्हणजे इन्फेक्शन, आमच्याकडे “काउंट पडले” म्हणजे इन्फेक्शनची भीती. म्हणून तर बाकीच्या आकड्यांकडे डोळे लागतात.

जुना दप्तरी: मान्य. मग ‘सेप्सिस’च राहू द्या, ‘ताप’ आणि ‘सलाईन’च्या पंगतीत बसेल. ‘रक्तात पू झाला’ मात्र कुणी म्हणू नये.

अबोली: आमच्या शेजारच्या काकूंनी काल नेमकं तेच म्हटलं!

आणि एकच आकडा बघून ठरवायचं का? डॉक्टर रोज रक्त काढतात, त्यावरून मामी चिडतात.

काचपट्टी: एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. अँटिबायोटिक लागू पडलं तर प्रोकॅल्सिटोनिन साधारण दिवसाला निम्मं होतं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर हळू उतरतं. लॅक्टेट २ च्या वर गेलं की आम्ही रिपोर्ट छापायच्या आधी वॉर्डला फोन करतो. अर्थात रक्तदाब आणि लघवीचं प्रमाण बघितल्याशिवाय कुणी नुसत्या आकड्यावर जात नाही.

अबोली: ‘संसर्गसूचक’ मामींना सांगितला. “काय गं ते?” म्हणाल्या. आता एक्स-रेच्या पाकिटावर स्वतःच लिहून ठेवतात. काल ‘पीसीटी १८’, आज सकाळी ‘पीसीटी ११’.