सीएसयूतला एथ्निक स्टडीजचा कोर्स: सक्ती हवी की नको?

रानवारा
कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत (सीएसयू) पदवीसाठी एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक गटांच्या अभ्यासाचा, 3 युनिटांचा (क्रेडिटांचा) कोर्स सक्तीचा आहे. 2020 च्या एबी 1460 कायद्याने तो आला. आफ्रिकन अमेरिकन, एशियन अमेरिकन, लॅटिनो आणि नेटिव्ह अमेरिकन या चारांतला एक निवडायचा. तिथे शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही तो चुकत नाही. माझं मत: विषय चांगला, सक्ती वाईट. रस नसलेली मुलं आदल्या रात्री वाचन चाळतात आणि सरांना काय आवडेल याचा अंदाज बांधून दीडशे शब्द खरडतात. याला शिक्षण म्हणायचं?

खडूस_अण्णा
आदल्या रात्री खरडणारे कॅल्क्युलसलाही असतात, म्हणून कॅल्क्युलस कुणी ऐच्छिक करत नाही. बोजा वाढला म्हणाल तर तेही नाही. सक्ती आली तेव्हा जनरल एज्युकेशनचे (सगळ्यांना सामाईक विषयांचे) युनिट 48 च राहिले, सामाजिक शास्त्रांच्या 12 चे 9 केले. रडायचं तर त्या विभागांनी रडावं.

आणि सरांच्या आवडीचं म्हणाल तर मार्क जातात ते 'वाचून फार वाईट वाटलं' छाप निबंधाला. दोन निकालांचं उदाहरण घ्या. तेव्हा बाहेरून आलेल्या आशियाई माणसाला नागरिकत्व हवं तर कायद्याने तो 'गोरा' ठरावा लागे. नोव्हेंबर 1922 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ओझावा या जपानी अर्जदाराला नागरिकत्व नाकारलं. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक वंश, त्यात भारतीयही धरत). फेब्रुवारी 1923 मध्ये पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा निकाल लागला; त्यांचं म्हणणं होतं, मग मी कॉकेशियनच आहे. तर त्याच सदरलँडनी शास्त्र गुंडाळून ठेवलं आणि सामान्य माणूस कुणाला गोरा समजतो हा निकष लावला. निकष नेमका कुठे फिरला ते दोन्ही निकालांतल्या ओळी शेजारी ठेवून दाखवा. मग तुमचं मत सरांच्या उलट असलं तरी मार्क कापणं अवघड जातं.

दुपारची_झोप
अण्णा, अर्धंच सांगितलंत. थिंड यांच्या बाजूने मांडलं काय होतं? उच्चजातीय हिंदू आर्य आहेत, जातीबाहेर लग्न न करून त्यांनी रक्त शुद्ध राखलंय, आणि भारतातल्या मूळ रहिवाशांकडे ते अमेरिकन माणूस कृष्णवर्णीयांकडे बघतो तसेच बघतात! 'आमच्यावर अन्याय झाला' एवढं टिपून मुलं बाहेर पडतात, हे पान उघडतच नाहीत. सीएसयूच्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख 2022 मध्ये आला, तेव्हा वर्गात विषय काढायला हरकत नसावी.

आणि आपली मुलं डोळे मिटून एशियन अमेरिकन का घेतात? आफ्रिकन अमेरिकन घ्या की. आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या युनोकडच्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या होत्या. 1972 च्या दलित पँथरचं नाव कुठून आलं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. टर्म पेपरला आयता विषय.

पडवळ
विषयाबद्दल +1, पण सक्तीबाबत रानवारांशी सहमत. सक्तीमुळे वर्ग फुगतात. मग गटचर्चेत नेटिव्ह अमेरिकनांचा विषय निघाला की वर्गातल्या एकुलत्या एका नेटिव्ह मुलीकडे सगळ्यांच्या माना वळतात. तिने फी भरलीय शिकायला, शिकवायला नाही. दुसरी पळवाट म्हणजे उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात 6 आठवड्यांत उरकणं. सेमिस्टरभराचं वाचन तेवढ्यात कोंबलं की पहिली गच्छंती मूळ कागदपत्रांची, उरतात स्लाइड्स.

खडूस_अण्णा
माना वळणं हा शिकवणाऱ्याचा दोष. चर्चा कागदावर ठेवली, 'तुझा अनुभव सांग'वर नाही, तर हे होत नाही. आणि हा विषय कुणी वरून लादलेला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर 1968 ते मार्च 1969 संप करून, पोलिसांचा मार खाऊन तो मिळवलाय.

रानवारा
मिळवला तो विभाग. सगळ्यांनी बसलंच पाहिजे अशी त्यांची मागणी नव्हती. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

दुपारची_झोप
सक्तीचं तुम्ही दोघं बघून घ्या. कोर्समध्ये घरातल्या माणसाची मुलाखत असेल तर एवढं करा: आधी लेखी संमती, अर्ध्या तासाचंच रेकॉर्डिंग, आणि ते उतरवायला किमान तीन तास राखून ठेवा. मराठी-इंग्रजी सरमिसळ असली की आपोआप उतरवणारी ॲप्स गडबडतात. 'अमेरिकेत कसं वाटलं?' विचारलंत तर 'छान' एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा विचारा: पहिलं घर भाड्याने कुणी दिलं? एच-4 व्हिसावर (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा) येताना आईने कोणती नोकरी सोडली? आडनाव ऐकून इथल्या मराठी मंडळींनी पुढचा प्रश्न कोणता विचारला?